पहिल्यांदाच आगमनकाळ पाळणाऱ्यासाठी

भावा, पहिल्यांदाच आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, पाळतोयस, लई बरं वाटलं. सुरुवात दरवर्षी 1 डिसेंबरलाच नसते हां, 30 नोव्हेंबरच्या जवळचा रविवार धर, तिथनं नाताळापर्यंत चार रविवार.

पहिली चूक सगळे हीच करतात, पहिल्याच दिवशी स्टार टांगायचा, केक, शॉपिंग, आणि 25 तारीख येईपर्यंत मन दमलेलं. तू एवढंच कर:

- दर रविवारी एक मेणबत्ती वाढव. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. रंग नाही मिळाले तर पांढऱ्या लाव, काय बिघडत नाही.
- रोज दहा मिनिटं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय, थोडे थोडे. शिमोन आणि हन्ना, तारणाऱ्याची वाट बघणारे दोघं, येतात तिथं थांब, हन्ना चौऱ्याऐंशीची, तरी मंदिर सोडत नव्हती.

वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. आपल्याकडं या दिवसांत गुऱ्हाळं सुरू असतात, जाऊन बघ, काहिलीत रस आटतोय तोवर माणूस मळी काढतोय, जाळ बघतोय, घाई केली तर गूळ बिघडतो. तसंच कुणाशी अबोला असेल तर याच दिवसांत फोन कर.

एखादा दिवस चुकला तर सोडून देऊ नको, दुसऱ्या दिवशी परत बस. बाकीचं पुढच्या वर्षी सांगतो.