तृतीयक-ब्युटिल अमाइन ‘प्राथमिक’ कसं?

प्रश्न असा आहे : तृतीयक-ब्युटिल अल्कोहोल तृतीयक गणतात, मग तृतीयक-ब्युटिल अमाइनला प्राथमिक का म्हणतात? नावातच ‘तृतीयक’ असताना?

म्हणतात ते बरोबरच आहे. विशेषण एकच, पण ते लागतं वेगवेगळ्या अणूंना. अल्कोहोलमध्ये ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ज्या कार्बनवर असतो, त्या कार्बनला आणखी किती कार्बन जोडलेत ते बघायचं. अमाइनमध्ये, म्हणजे अमोनियापासून बनलेल्या नायट्रोजनच्या संयुगात, बघायचं थेट नायट्रोजनकडे. त्याला कार्बनी गट एक असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. इथे नायट्रोजनला कार्बनी गट एकच आहे, बाकी दोन हायड्रोजन. ‘तृतीयक’ हे विशेषण ब्युटिल या चार कार्बनांच्या गटाचं आहे (त्याच्या जोडणीच्या कार्बनला आणखी तीन कार्बन असतात), अमाइनचं नव्हे. म्हणून ‘तृतीयक’ आणि ‘ब्युटिल’ यांच्यामधली संयोगरेषा गाळू नये, असा माझा आग्रह आहे. आयसोप्रोपिलचंही तसंच : अल्कोहोल द्वितीयक, अमाइन प्राथमिक.

ही वेगळी मोजणी लहरीपणाने आलेली नाही. रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झने 1849 मध्ये मिथाइल अमाइन मिळवलं आणि पाठोपाठ हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने अमोनियातल्या हायड्रोजनांच्या जागी एकेक करून कार्बनी गट बसवत या संयुगांची ओळ लावली. त्यामुळे नायट्रोजनवर हायड्रोजन किती उरले, हाच अमाइनांचा खरा प्रश्न. गुणधर्मही त्यावरच फिरतात. प्रोपिल अमाइन आणि ट्रायमिथाइल अमाइन यांचं रेणुसूत्र एकच. पण पहिलं सुमारे 48 अंश सेल्सियसला उकळतं, तर दुसरं 3 अंशांच्या आसपासच. दुसऱ्यात नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध (रेणूंना एकमेकांजवळ धरून ठेवणारे दुवे) जुळवू शकत नाहीत.

जाता जाता, देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. रोमन लिपीत नायट्रोजनवरचा गट दाखवणारा मोठा ‘एन’ आणि सरळ साखळी दाखवणारा छोटा ‘एन’ वेगळे दिसतात. आपल्याकडे दोन्ही सारखेच. ‘एन-ब्युटिल अमाइन’मधला एन साखळीचा, संयुग प्राथमिक. ‘एन-ब्युटिल ॲनिलीन’मधला मात्र बहुधा नायट्रोजनचा, आणि तसं असेल तर संयुग द्वितीयक, कारण ॲनिलीनच्या नायट्रोजनला एक कार्बनी गट आधीच असतो! छोट्या ‘एन’च्या जागी ब्युटेन-1-अमाइन असं पद्धतशीर नाव लिहावं आणि ‘एन’ फक्त नायट्रोजनसाठी राखावा. तृतीयक-ब्युटिल अमाइनही 2-मिथाइलप्रोपेन-2-अमाइन असं लिहिलं, तर मुळातला हा प्रश्नच पडत नाही.