अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत मिळाला आहे. शिकारीआधी डोंगरात टेहळणी कशी करू?

आधी पाणी शोधा. मूस वाळुंजाच्या पाल्यावर जगतो, म्हणून ओढ्याकाठची वाळुंजाची दाटी, बीव्हर या प्राण्याने बांध घालून अडवलेली तळी आणि त्यांना लागून असलेली स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची गर्द सावली नकाशावर हेरून ठेवा. ऑगस्टपासून पहाटे-संध्याकाळी समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीने बघा. कुरतडलेल्या फांद्या आणि ताज्या लेंड्या दिसल्या की जागा बरोबर आहे. कुत्रा मात्र नेऊ नका, मूस त्याला लांडगा समजून अंगावर धावतो.

माझ्या मते खरी तयारी मांसाची. मोठा नर 350 ते 450 किलोंचा! त्यामुळे तो रस्त्यापासून फार आत पाडायचा असेल, तर घोडे किंवा चार धडधाकट माणसं आधीच ठरवा. सप्टेंबरात दुपारी ऊन तापतं, कातडं लगेच उतरवून तुकडे सावलीत टांगा.