भाववाढ मंदावली म्हणजे भाव उतरले का?

प्रश्न : ‘महागाई ओसरली’ असे मथळे वर्तमानपत्रांत वाचते, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ काही स्वस्त मिळत नाही. मग ओसरले ते काय? यालाच ‘डिसइन्फ्लेशन’ म्हणतात ना? हा शब्द कुठून आला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, सगळा घोटाळा ‘ओसरली’ या क्रियापदाने केला आहे. पूर ओसरतो तेव्हा पाण्याची पातळी खाली जाते. डिसइन्फ्लेशनमध्ये मात्र भाव चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग कमी होतो. समजा, ४० रुपयांचा नारळ एका वर्षात ५० रुपयांना झाला आणि पुढल्या चवथीला ५५ रुपयांना. पहिली वाढ २५ टक्क्यांची, दुसरी १० टक्क्यांची. वाढीचा दर निम्म्याहून खाली आला, तरी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीला, नारळ बांधणाऱ्याने प्रत्येक नारळामागे पाच रुपये जास्तच मोजले. हाच हिशेब एका नारळाऐवजी शेकडो वस्तू व सेवांच्या निर्देशांकाला लावला की वर्तमानपत्रातला आकडा मिळतो. भावांची एकूण पातळीच उतरू लागली, तर ती चलनघट, म्हणजे डिफ्लेशन.

‘इन्फ्लेशन’चे मूळ लॅटिन ‘इन्फ्लारे’, म्हणजे आत हवा फुंकणे. आपला जुना ‘चलनफुगवटा’ हा शब्द त्याच कल्पनेतला. आरंभी हा फुगवटा चलनाचा मानला जाई, भावांचा अर्थ पुढे रूढ झाला. १९३० च्या दशकातील महामंदीने ‘डिफ्लेशन’ या शब्दाला बेकारीची कडू आठवण चिकटवली होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर, मंदी न आणता भाववाढीला लगाम घालण्याच्या धोरणासाठी, ब्रिटनमध्ये ‘डिसइन्फ्लेशन’ हा सौम्य शब्द रुळला. तेव्हाचे अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे १९४२ साली योजना घेऊन भारतात आलेले तेच क्रिप्स, यांच्या धोरणाची ओळखच या शब्दाने होऊ लागली.

शब्द सौम्य असला तरी ही वाट नेहमी सौम्य नसते. अमेरिकेत तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी १९७९ पासून व्याजदर चढवत नेले; भाववाढ आटोक्यात आली, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १० टक्क्यांपलीकडे गेली होती. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ बाजारातील भाववाढीचा दर ७.७९ टक्के होता. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर नेला आणि मे २०२३ मध्ये भाववाढ साडेचार टक्क्यांखाली आली. त्या महिन्यातही भाव आदल्या वर्षापेक्षा चढेच होते, आणि म्हणूनच मथळ्यात ‘भाववाढ मंदावली’ असेच छापले जावे, असे मला मनापासून वाटते.