साथ वरूनच खाली उतरते

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वणीकडच्या भूमिगत कोळसा खाणीत पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन म्हणून रुजू झालास, फार आनंद झाला. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर पाळीतली माणसं कशी सांभाळायची, असं विचारलंस. वेळेवर विचारलंस. २०२० च्या टाळेबंदीत देश थांबला, पण वीजकेंद्रांना कोळसा लागतच होता. खाणी चालू राहिल्या. पोलंडच्या सिलेशियात मात्र त्याच वर्षी जूनमध्ये कामगारांत लागण इतकी पसरली की १२ खाणींतलं उत्पादन तीन आठवडे थांबवावं लागलं.

लक्ष आधी वर, जमिनीवर दे. हजेरी, टोपीवरचे दिवे देणाऱ्या लॅम्प रूमची खिडकी, माणसं खाली नेणाऱ्या केजची (पाळण्याची) रांग, कॅन्टीन, अंघोळीची जागा: माणसं एकमेकांना खेटतात ती इथे. पाळ्यांच्या वेळा थोड्या मागेपुढे करून घे, म्हणजे सुटणारी आणि उतरणारी पाळी समोरासमोर येणार नाही. केजमध्ये कमी माणसं घे, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. कॅप लॅम्प ज्याचा त्यालाच. दारू तपासायच्या यंत्राची नळी दर माणसाला नवी. प्रशिक्षणात तोंडात धरायला देतात त्या सेल्फ रेस्क्यूअरकडे, म्हणजे विषारी वायूपासून वाचवणाऱ्या श्वासयंत्राकडे, तर कुणाचंच लक्ष नसतं. एकाच्या तोंडातून निघालेला तो निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नकोस.

खाली निदान पंख्याची हवा असते. डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे खाणीतल्या हवेच्या एका विभागात, माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा हवी, हे तू परीक्षेसाठी पाठ केलंस. पण ती वाहते एकाच दिशेने. ताजी हवा येते त्या इनटेककडचा खोकला तर वापरलेली हवा परतते त्या रिटर्नकडच्याच्या नाकाशी जातो. म्हणून डबा खाताना माणसं एकामागे एक बसवू नकोस, आणि हवा कोंडलेल्या आडोशाला तर मुळीच नको. पुढे झडप असलेला धुळीचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. साथीत बिनझडपेचा माग. घामाने भिजला की बदलायला दुसरा हवा, तोही मागून ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे खोकला म्हणजे धूळ, असं समजून माणूस कामावर येतो. आणि ठेकेदाराचा कामगार ताप असूनही येतो, कारण हाजरी गेली की त्या दिवसाची मजुरी गेली. दारावर तापमापी धरणारा शिपाई त्याला पकडेलही, पण तो पॅरासिटामॉल घेऊन आला असेल तर? या माणसावर रागावू नकोस. त्याच्या घरी चूल त्या मजुरीवर पेटते. रजेचे पैसे मिळतील हे त्याला आधी कळलं, तरच तो ताप सांगेल. धुळीने आधीच फुप्फुसं खराब झालेली जुनी माणसं तर अशा साथीत सगळ्यात लवकर खचतात. त्यांची यादी खाणीच्या दवाखान्यातून आजच घे.

मॅनेजर साहेबांकडून आजारपणाच्या भरपगारी रजेचं लेखी घे, ठेकेदाराच्या माणसांसकट. तोंडी नको. तो कागद हजेरीच्या खिडकीशी मराठीत आणि हिंदीत लाव, आणि पहिल्या पाळीला स्वतः उभा राहून वाचून दाखव.

तुझा,
काका