रो-रो बोटीची छायाचित्रे आणि लेखी परवानगी : एक लांबलेले उत्तर

नमस्कार. आपण लिहिले आहे की, अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीची (म्हणजे प्रवाशांबरोबर मोटारीही नेणाऱ्या बोटीची) छायाचित्रे काढण्यासाठी तिपाई आणि लांब पल्ल्याची लेन्स घेऊन आपण मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर गेलात, तेव्हा सुरक्षारक्षकाने अडवले आणि ‘लेखी परवानगी आणा’ असे सांगितले. त्यानंतर ती परवानगी नेमकी कोण देतो हे कोणीच धडपणे सांगेना, म्हणून एका कार्यालयात अर्ज देऊन ठेवला आहे. शिवाय दुरून जी काही छायाचित्रे मिळाली तीही दुधाळ आणि फिकट आली. आपल्या या मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ मी स्वतः भोगलेली आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. तेवढे सांभाळून घ्यावे. कॅमेऱ्याची प्राथमिक माहिती मी येथे देत नाही, कारण आपल्या लिहिण्यावरून ती आपल्याला आहे असे दिसते.

आधी एक खुलासा. मी वकील नाही, कोणत्याही सरकारी खात्याशी माझा संबंध नाही, आणि बंदर परिसराचे नियम वेळोवेळी बदलत असतात. मी सांगतो त्यापेक्षा फलकावर काही वेगळे लिहिलेले असेल, तर फलकाचेच ऐकावे.

त्या सुरक्षारक्षकावर राग धरू नये असे मला वाटते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये या शहरावर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले होते, आणि धक्क्यावर तिपाई मांडून बसलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करणे ही त्याच्या दृष्टीने नोकरी घालवण्याची गोष्ट आहे. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. ती त्या कार्यालयाबद्दल आहे, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही. आपण अर्ज दिलेले कार्यालय तेच असेल किंवा नसेलही, कारण अशा कारभाराचा मक्ता कोणा एकाकडे नाही.

माझा अर्ज अगदी साधा होता : हौस म्हणून प्रवासी बोटींची छायाचित्रे काढायची आहेत, विक्री करायची नाही, सोबत कोणी नसेल. आवक विभागाने अर्जावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोचही दिली, तेव्हा मला वाटले की काम झाले. पुढे कळले की त्या कार्यालयात हौशी छायाचित्रकारासाठी स्वतंत्र टेबलच नव्हते. जे होते ते चित्रपट आणि जाहिरातींच्या चित्रीकरणाचे. अर्ज साहजिकच तेथे गेला, आणि त्या टेबलाने त्यांच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे निर्मिती संस्थेचे पत्र, युनिटमधल्या माणसांची यादी, वाहनांचे क्रमांक, अनामत रक्कम आणि पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. मी एकटा आहे, वाहन नाही, संस्था नाही, असे लेखी कळवले, तर ‘अपूर्ण प्रस्ताव’ असा शेरा मारून फाइल परत खाली आली. पोलिसांकडे गेलो, तर ते म्हणाले की जागा ज्यांची आहे त्यांनी आधी परवानगी द्यावी, मग आम्ही ना-हरकत देऊ. जागा ज्यांची आहे असे मला वाटत होते, ते आधी ना-हरकत मागत होते. गणपतीपासून सुरू झालेला हा प्रकार दिवाळी उलटून गेल्यावर संपला, आणि तो कसा संपला, तर ‘सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ या एका ओळीच्या पत्राने. जागा आपली नाही हे ज्या दिवशी आवक क्रमांक घातला त्याच दिवशी सांगता आले असते. त्यासाठी युनिटच्या वाहनांचे क्रमांक कशाला हवे होते, हे मला अजूनही उमगलेले नाही.

यात पैसे फारसे गेले नाहीत. गेला तो हंगाम, आणि आपल्या दुधाळ छायाचित्रांचे उत्तरही त्यातच आहे. मुंबई बंदरात हवा खरोखर स्वच्छ असते ती पाऊस ओसरताना, म्हणजे सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवसांत. थंडी सुरू झाली की धूर, धूळ आणि सकाळचे धुके मिळून पाण्यावर असा काही थर बसतो की तासाभराच्या अंतरावरची बोट सोडाच, समोरची बोटसुद्धा कागदावर पेन्सिलने काढल्यासारखी दिसते. तो थर महागड्या लेन्सने कापला जात नाही. उलट लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका मधल्या हवेचा दोष मोठा होऊन दिसतो. दुपारी त्यात पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेची थरथर मिसळते आणि बोटीच्या कठड्याच्या सरळ रेषाही नागमोडी येतात. संगणकावर कितीही सारवासारव केली तरी हे निघत नाही. उपाय एकच, बोटीच्या जवळ जाणे. आणि जवळ जायला धक्का ही सर्वांत वाईट जागा आहे.

हे माझे मत थोडे टोकाचे आहे, पण मी त्यावर ठाम आहे. धक्क्याला लागलेली रो-रो बोट म्हणजे पांढरी भिंत असते. पुढे गाड्यांची रांग, खांबांवरच्या तारा, मासळीच्या गाड्या, आणि एवढे करून मिळते काय, तर रॅम्प आणि त्यावरून चढणाऱ्या मोटारी. शिवाय पहाटे तेथे मासळीचा बाजार भरलेला असतो. पिशवी जमिनीवर ठेवली तर टोपल्यांतून गळणारे पाणी तिच्यात मुरते आणि तो वास अनेक धुण्यांना पुरतो. बोटीचे रूप दिसते ते ती चालती असताना, पुढच्या बाजूला पाणी फुटत असताना. त्यासाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याची गरज नाही.

माझी पहिली पसंती गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचला आहे. गेटवे पश्चिमेला आणि भाऊचा धक्का त्याच्या ईशान्येला असल्यामुळे, मांडव्याकडे जाताना रो-रो बोट बहुधा आपल्या डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेकडे राहते, आणि मांडवा जवळ येतो तसतसे दोन्ही मार्ग एकमेकांजवळ येतात. म्हणून सकाळच्या लाँचने जाऊ नये. सकाळी डावीकडे सूर्य समोर असतो आणि बोट काळी येते. दुपारनंतरची लाँच घ्यावी, वरच्या मजल्यावर डाव्या कठड्याजवळची जागा धरावी, म्हणजे ऊन आपल्या पाठीमागून बोटीवर पडते. दोन वेळापत्रके समोर ठेवून रो-रो कधी सुटते ते पाहिले की कोणती लाँच पकडायची याचा अंदाज येतो. रो-रोला मांडव्यापर्यंत साधारण तास लागतो, एवढे लक्षात ठेवले तर पुरे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक बसून जीव गेले, तेव्हापासून लाइफ जॅकेटबाबत कडकपणा आला आहे, आणि तो योग्यच आहे. जॅकेट आधी घालावे आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्यावरून घ्यावा. उलट केले तर ऐन वेळी कॅमेरा छातीशी अडकून बसतो आणि तो सोडवण्यासाठी माणूस जॅकेटचे बंद सैल करतो, जे कदापि करू नये. कठड्यावर रेलून एका हाताने छायाचित्र काढणारे पाहिले की मला अजूनही धस्स होते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. त्या वाटेवर नौदलाची गोदी, नांगरलेल्या युद्धनौका, मिडल ग्राउंडचे बेट आणि जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के हे सगळे दिसते. त्यांच्याकडे लेन्स वळवू नये. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अजून लागू आहे, आणि ‘मला फक्त बोट हवी होती’ हे स्पष्टीकरण चौकीत बसून देणे सुखाचे नसते. बोटीमागे युद्धनौका येत असेल तर ती पुढे सरकेपर्यंत कॅमेरा खाली ठेवावा. मी असे कित्येकदा केले आहे आणि त्यात काही चांगले प्रसंग हुकलेही आहेत.

दुसरी जागा म्हणजे मांडव्याचा किनारा. जेट्टीवर नव्हे, जेट्टीच्या पश्चिमेकडच्या वाळूवर. दुपारी चारनंतर सुटून मुंबईकडे निघालेल्या बोटीची पश्चिमेची बाजू पूर्ण उजेडात असते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कलतो, त्यामुळे तो उजेड बोटीच्या मागच्या भागावरही छान पडतो, फक्त हवेने साथ द्यायला हवी. पावसाळ्यात मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत गेटवेच्या लाँच बंद असतात, पण रो-रो हवामान पाहून चालू राहते; त्या काळात हीच जागा उरते, आणि माझ्या संग्रहातली सर्वांत जिवंत छायाचित्रे तेथलीच आहेत. पांढरी बोट, गढूळ तपकिरी पाणी आणि वर काळे आभाळ अशा वेळी कॅमेरा हमखास फसतो आणि पांढऱ्या रंगातला सगळा तपशील उडवून टाकतो. उजेड (एक्स्पोजर) एक स्टॉप कमी ठेवावा, सावल्या नंतर वर काढता येतात.

भरतीचा हिशेब ठेवावा. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो, आणि त्यानुसार बोट धक्क्यापेक्षा उंच दिसते की खाली बसलेली, वाळू किती उघडी पडते, हे सगळे बदलते. आपल्याकडे तिथीवरून भरती काढण्याची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ती अर्ध्यापाऊण तासाने चुकते, पण मोबाइलला रेंज नसताना उपयोगी पडते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत फरक कमी असतो, तेव्हा वाळूवर निश्चिंत उभे राहता येते.

बोट कोठे आहे ते एआयएसच्या, म्हणजे जहाजे आपली जागा आपोआप कळवतात त्या यंत्रणेच्या, नकाशावर पाहता येते. भारतीय नोंदणीच्या जहाजांचा तेथला क्रमांक ४१९ ने सुरू होतो. मात्र फुकटच्या अ‍ॅपवरची जागा काही मिनिटे शिळी असू शकते, त्यामुळे नकाशात बोट दिसली म्हणून चहाला जाऊ नये. घरी आल्यावर लेन्स आणि कॅमेरा आधी किंचित ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा. कोरडेच पुसले तर मिठाचे कण काचेवर घासले जातात.

ड्रोनबद्दल आपण विचारले आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात लाल, पिवळा आणि हिरवा असे विभाग दाखवलेले असतात, ते आधी पाहावे. मुंबई पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून निघत असतात. मी या बंदरात ड्रोन कधीच उडवलेला नाही आणि उडवा असे सांगणारही नाही.

ही खटपट करावी का, असा प्रश्न आपल्या घरातही विचारला जात असेल. १५ मार्च २०२० रोजी ही सेवा सुरू झाली, ग्रीसमध्ये बांधलेली एवढी मोठी बोट आली, आणि लगेच टाळेबंदीत ती थांबली. त्या पहिल्या दिवसांची हौशी लोकांनी काढलेली चांगली छायाचित्रे मला फारच थोडी आढळली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या कोकणात जाणाऱ्या जुन्या प्रवासी बोटींतून प्रवास केलेली माणसे अजून आहेत, पण घराघरांत शोधले तर बोट पूर्ण दिसेल असे छायाचित्र क्वचितच निघते. बहुतेकांत मामा आणि वळकटी दिसते, बोट दिसत नाही. तेव्हा बोटीचे पूर्ण, तारीख आणि वेळ नोंदवलेले छायाचित्र काढणे हे मला रिकामटेकडे काम वाटत नाही.

आता आपण दिलेल्या अर्जाचे. तो मागे घेऊ नका, पण त्याची वाटही पाहत बसू नका. वरच्या दोन जागांवर कामाला लागा. कार्यालयात जाल तेव्हा तोंडी उत्तर घेऊन परतू नका, आवक क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. आणि धक्क्यावरच उभे राहायचे असा हट्टच असेल, तर परवानगीचा दुसरा अर्ज न करता माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, हे मला फार उशिरा सुचले. त्यात परवानगी मागू नये. अमुक जागा कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते, तेथे छायाचित्रण बंद असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी, आणि अव्यावसायिक छायाचित्रणासाठी काही कार्यपद्धती असल्यास तिची प्रत द्यावी, एवढेच मागावे. शुल्क १० रुपये, आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. महत्त्वाचे म्हणजे, माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवून आपल्याला तसे कळवावे लागते. साधा अर्ज ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून महिनोनमहिने दाबून ठेवता येतो, हा ठेवता येत नाही. फक्त केंद्राच्या आणि राज्याच्या कार्यालयांची शुल्क भरण्याची पद्धत वेगवेगळी असते, तेवढे आधी पाहून घ्या, नाहीतर त्याच कारणावरून अर्ज परत येईल.