पाच माणसं, पुण्यात फ्लॅट, गाव गुहागरकडे: मिडसाइज एसयूव्ही घेऊ की मोठी सात सीटर?

तुम्ही लिहिलंय की घरात तुम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं आणि आई. आईंचे गुडघे दुखतात, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गुहागरला जाणं ठरलेलं, कधीतरी बहीण पण बरोबर असते, बजेट ऑन रोड २५ लाखांपर्यंत, आणि क्रेटा-सेल्टोस घ्यावी की सफारी किंवा एक्सयूव्ही ७०० (२०२६ पासून तिचं नाव ७एक्सओ) सारखी मोठी, यात गाडं अडलंय. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. तुम्हाला जागा हवी आहे ती दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या नाही. आणि सगळे लोक मोठी गाडी बघायला जातात ते तिसरी रांग बघायला.

माझ्याकडे बरीच वर्षं मिडसाइज आहे आणि दादाकडे मोठी सात सीटर, दोन्ही घेऊन मी पुणे-कोकण भरपूर केलंय, आमचं गाव चिपळूणच्या पुढे, म्हणजे तुमचाच रस्ता. त्यामुळे हे सगळं वापरून बघितलेलं आहे.

आधी एक बारीकशी गोष्ट. मिडसाइज आणि फुल साइज हे अमेरिकेतले व्हिडिओ बघून ठरवू नका, तिकडची फुल साइज म्हणजे शेव्हरोले टाहो, आपल्या फॉर्च्युनरपेक्षा अर्धा मीटरहून जास्त लांब, ५.३५ मीटरची. आपली फॉर्च्युनर ४.८ मीटरच्या आतच आहे. तिकडे तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसून मागे बॅगाही राहतात. आपल्याकडे जिला मोठी म्हणतात त्या गाड्या ४.६ ते ४.८ मीटरमध्ये तीन रांगा बसवतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

सफारीची लांबी ४.६७ मीटर, क्रेटाची ४.३३. म्हणजे फरक फक्त एक फुटाच्या थोडा वर. त्या एक फुटात कंपनीने दोन माणसांची रांग घातली, मग ती जागा आली कुठून? डिकीतून. तिसरी रांग उघडी ठेवली की सफारी काय, स्कॉर्पिओ एन काय, मागे लॅपटॉपच्या दोन-तीन सॅक उभ्या राहतील एवढीच जागा उरते. सहा-सात माणसं गणपतीला निघाली की त्यांच्या बॅगा, पूजेचं सामान, येताना आंबे-फणस, हे कुठे ठेवणार? वर कॅरिअर लावून ताडपत्री बांधायची, नाहीतर एक बाजूची सीट पाडून सहा माणसं न्यायची. बहीण बरोबर आली की तुम्ही सहा होता, म्हणजे मोठी गाडी घेऊनसुद्धा सामानाचा प्रश्न तसाच. हे शोरूममध्ये कळत नाही कारण तिथे गाडी रिकामी असते आणि सेल्समन तिसरी रांग पाडून डिकी दाखवतो, मग तीच रांग उघडून सीट दाखवतो, दोन्ही एकदम कधीच दाखवत नाही.

आणि तिसऱ्या रांगेत बसणार कोण? आई नाही, गुडघ्यांमुळे शक्यच नाही, पुढची सीट वाकवून त्या फटीतून मागे जायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही कसरत होते. मुलं म्हणाल तर पहिल्या दिवशी दोघंही हट्टाने तिथेच बसतील, पण उंब्रज सोडून पाटण-कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरायला लागलात की मागे बसलेल्याला गाडी लागते, कारण ती सीट मागच्या चाकांच्या बरोबर वर असते, प्रत्येक वळणाचा आणि खड्ड्याचा झोका तिथे जास्त बसतो, खिडकी लहान आणि बऱ्याचदा उघडतही नाही. आमच्याकडची मुलं घाट आला की आपणहून पुढच्या रांगेत यायला लागली.

त्याहून मोठा मुद्दा धाकट्याच्या चाइल्ड सीटचा. चार वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट पाहिजेच, यात तडजोड नको. ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक असतात ते दुसऱ्या रांगेतल्या दोन टोकाच्या सीटना. आता डावीकडे चाइल्ड सीट लावली की ती सीट वाकवता येत नाही, आणि बहुतेक सात सीटर गाड्यांत मागे जायचा रस्ता तीच सीट वाकवून असतो. म्हणजे तिथे चाइल्ड सीट लावली की तिसऱ्या रांगेचं दार बंदच झालं समजा. मधून चालत जाता येईल अशी कॅप्टन सीटवाली सहा सीटर घेतली तर हे सुटतं, पण मग दुसऱ्या रांगेत दोघंच, तिसऱ्याने मागेच जायचं, आणि पुन्हा डिकी गेली. लहान मूल असलेल्या घरांनी सात सीटर घेताना ही एक गोष्ट तरी चाइल्ड सीट सोबत नेऊन, खरीखुरी लावून बघावी असं मला मनापासून वाटतं, कारण घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

म्हणून म्हणतो दुसरी रांग बघा. तुमच्या घरात मागच्या सीटवर कायमचे तीन जण, एका टोकाला चाइल्ड सीट, दुसऱ्या टोकाला आई (त्यांना दाराशीच जागा हवी, चढाउतरायला), मधे नऊ वर्षांचा किंवा नऊ वर्षांची. इथे मात्र मोठ्या गाडीचा खरा फायदा आहे. क्रेटाची रुंदी १७९० मिलिमीटर, सफारी-हॅरिअरची १९२२. आतमध्ये पूर्ण तेवढा फरक मिळत नाही, पण तीन जण शेजारी बसले की खांद्याला तो फरक कळतो, सहा-सात तासांच्या प्रवासात तर नक्कीच. मिडसाइजमध्ये मधला मुलगा आज मजेत बसेल, पण चार वर्षांनी तो तेरा वर्षांचा असेल आणि गाडी तर तुम्ही आठ-दहा वर्षं वापरणार.

मग मोठीच घ्यावी का? थांबा, त्याआधी पार्किंग. सोसायटीत दिलेली जागा टेप घेऊन मोजा. बिल्डरला लहान गाडीसाठी साधारण २.३ बाय ४.५ मीटरची जागाही दाखवता येते आणि मोठ्या गाडीसाठी २.५ बाय ५ ची, तुमच्या वाट्याला कोणती आली आहे ते फ्लॅट घेताना कोणी बघत नाही. साडेचार मीटरच्या जागेत सफारी १७ सेंटिमीटर बाहेर राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याची रोजची कटकट. रुंदीत तर २.३ मधून १.९२ गेले की दोन्ही बाजूला मिळून ३८ सेंटिमीटर उरतात, म्हणजे एका बाजूला १९, त्यात दार उघडून आईंना बाहेर काढायचंय आणि चाइल्ड सीटमधल्या मुलाचा पट्टा सोडायचाय. एका बाजूला खांब असेल तर विषयच संपला, आधी सगळ्यांना उतरवून मग गाडी लावायची, पावसात सुद्धा. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायचं) असेल तर त्याच्या प्लेटवर वजन, लांबी आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा, स्कॉर्पिओ एन साडेअठराशे मिलिमीटरपेक्षा उंच आहे, बऱ्याच जुन्या स्टॅकमध्ये ती जात नाही.

गावाकडचंही सांगतो. हायवेला मोठी गाडी मस्त, भरल्यावरही बसलेली चालते, लांबच्या प्रवासात थकवा कमी येतो, हे मी नाकारत नाही. पण मेन रोड सोडून वाडीत शिरलात की दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे आणि मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून टेम्पो नाहीतर एसटी आली की रिव्हर्स तुम्हीच जायचं. तिथे १३ सेंटिमीटर जास्त रुंद गाडी म्हणजे सतत आरशाकडे लक्ष. आणि लोकांचा एक समज असतो की मोठी एसयूव्ही चिखलात-चढावर जास्त चालते. ग्राउंड क्लिअरन्समध्ये (गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीत) फार फरक नाहीये, क्रेटाचा १९० मिलिमीटरच्या आसपास, सफारी आणि एक्सयूव्ही ७०० चा २०० च्या आसपास. सफारी पुढच्या चाकांवर चालते, फोर बाय फोर येतच नाही, एक्सयूव्ही ७०० चीही बहुतेक व्हेरिएंट तशीच. सात माणसं भरून ओल्या लाल मातीच्या चढावर गेलं की वजन सगळं मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि तिथल्या तिथे फिरायला लागतात. खरंच असा रस्ता रोजचा असेल तर स्कॉर्पिओ एनची फोर बाय फोर किंवा फॉर्च्युनर, नाहीतर साइजवरून त्या बाबतीत काही ठरवू नका. आणि या दोन्ही गाड्या चढायला उंच आहेत, आईंचा विचार करता मी त्या तुमच्या यादीतूनच काढल्या असत्या.

पैशाचं बोलायचं तर सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी ४० टक्केच आहे (आधी मोठ्यांवर सेस धरून ५० होता), त्यामुळे किमतीतलं अंतर थोडं कमी झालंय. टोल दोघींना सारखाच, कार-जीपचा. पण महाराष्ट्रात रोड टॅक्स किमतीच्या स्लॅबवर आहे, १० ते २० लाखांपर्यंत पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४, वीसच्या वर गेलं की १३ आणि १५, म्हणजे व्हेरिएंट निवडताना वीसची रेघ ओलांडतोय का बघा. इन्शुरन्समध्ये १५०० सीसीची रेघ आहे, ती कोणी सांगत नाही. क्रेटा-सेल्टोसची सगळी इंजिनं १५०० च्या आत आहेत, सफारीच्या डिझेलचं २ लिटर. नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम भरावं लागतं, २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ते १५०० च्या आत १०,६४० आणि वर २४,५९६ रुपये. पेट्रोल घेतलीत तर शहरात मिडसाइज ऑटोमॅटिक अकराच्या आसपास ॲव्हरेज देते, मोठी टर्बो पेट्रोल आठ, कधी त्याहून कमी. महिन्याला हजार किलोमीटर धरले आणि पेट्रोल १०५ रुपये, तर महिन्याला साडेतीन हजारांचा फरक. टायरही मोठे, सफारीच्या वरच्या मॉडेलला १९ इंची आहेत, चारही बदलायची वेळ आली की बिल जाणवतं. आणि रोजचं ऑफिस पाच-सहा किलोमीटरवर असेल तर डिझेल नकोच, छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदत राहतो.

सेफ्टीसाठी मोठी हवी असं घरचे म्हणत असतील (आमच्याकडेही म्हणायचे), तर स्टार साइजवर मिळत नाहीत. कुशाक आणि टायगुन या मिडसाइज असून ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२२ ला पाच स्टार आहेत, हॅरिअर-सफारीला २०२३ मध्ये पाच. एवढं खरं की ती टेस्ट साधारण आपल्याच वजनाची गाडी समोरून आल्यासारखी असते, त्यामुळे प्रत्यक्षात जड गाडीला थोडा फायदा राहतो. पण चाइल्ड सीट नीट लावलेली आणि मागच्या तिघांनी बेल्ट लावलेला, हे मी त्याच्या वर ठेवीन.

आता तुमच्यासाठी काय. पार्किंग लहान निघालं तर प्रश्नच मिटला, मिडसाइज घ्या, पैसे वाचतील त्यात वरचं मॉडेल येईल. शहरातच जास्त फिरणं असेल तर ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोलसोबत बॅटरीवरही चालणारी) बघा, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तिच्याइतकं ॲव्हरेज या साइजमध्ये फार कमी गाड्या देतात, फक्त बॅटरीमुळे डिकी २६५ लिटरची आहे, क्रेटाची ४३३, कोकणातून येताना ते जाणवेल. पार्किंग पाच मीटरचं असेल तर मोठी पण पाच सीटर घ्या. हा पर्याय लोक विसरतातच. हॅरिअर म्हणजे सफारीचीच रुंदी, दुसरी रांग ऐसपैस, तिसऱ्या रांगेचे पैसे आणि वजन नाही. फक्त डिकी बघून हुरळू नका, ४४५ लिटर, म्हणजे क्रेटापेक्षा जेमतेम जास्त. डिकी मोठी हवी तर हेक्टर पाच सीटर, ५८७ लिटर. बहीण वर्षातून दोनदा येत असेल तर तिच्यासाठी शिवशाही किंवा चिपळूणपर्यंत रेल्वेचं तिकीट काढा, दोन वेळांसाठी वर्षभर दोन सीट ओढत फिरू नका.

आणि ती खरंच दर वेळी बरोबर असेल, म्हणजे सहा जण कायमचे, तर मग एसयूव्हीचा हट्ट सोडून इनोव्हा हायक्रॉस बघा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिलिमीटर, तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसतं आणि तरी मागे तीनेकशे लिटर डिकी राहते. बजेटमध्ये तिची साधी पेट्रोल बसेल, हायब्रिड बहुतेक नाही. कमी पैशात कॅरेन्स आहे, २१६ लिटर, चढायला बुटकी, आईंना ती सगळ्यात आवडेल असा माझा अंदाज आहे.

बुकिंगचे पैसे भरायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा. रविवारी सकाळी, सगळे घरात असताना. चाइल्ड सीट लावा, आईंना स्वतःहून चढू द्या, हात देऊ नका, गावाला नेता त्याच बॅगा डिकीत भरा, आणि मग गाडी तुमच्या जागेत लावून चारही दारं उघडून बघा. एखादा डीलर घरी गाडी आणायला नाही म्हणाला तर पुण्यात त्याच कंपनीचे दुसरे डीलर आहेत, तिथे फोन करा.