अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहून आले तर

जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला की बहुतेक कुटुंबे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: म्हणजे आजार आनुवंशिक आहे की नाही? असाच अहवाल घेऊन 26 वर्षांची एक तरुणी वडिलांबरोबर आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). एकोणिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाल्यापासून तो टाइप 1 समजून तिला इन्सुलिन दिले जात होते. मात्र टाइप 1 मध्ये सहसा आढळणाऱ्या, स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक होती आणि इतक्या वर्षांनंतरही सी-पेप्टाइड चांगले होते, म्हणजेच तिचे स्वादुपिंड अजून स्वतःचे इन्सुलिन तयार करीत होते. वडील, आत्या आणि आजी या तिघांनाही मधुमेह ऐन तारुण्यातच जडला होता. त्यामुळे डॉक्टरांना ‘मोडी’चा, म्हणजे एकाच जनुकातील बदलामुळे कमी वयात होणाऱ्या मधुमेहाचा संशय आला आणि तपासणीत एचएनएफ1ए या जनुकात एक बदल सापडला, पण त्यापुढे तो शेरा होता.

“मॅडम, स्थळे येत आहेत. त्यांना आम्ही काय सांगायचे?” वडिलांनी विचारले. मुलीला मात्र जाणून घ्यायचे होते की इन्सुलिन सुटेल का.

मी त्यांना सांगितले की 2015 पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात जनुकीय बदलांचे पाच गट आहेत, एका टोकाला रोगकारक आणि दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि मधल्या गटाचा अर्थ एवढाच की निर्णय देण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. त्याला अर्धा होकार समजणे जितके चुकीचे, तितकेच ‘काही निघाले नाही’ म्हणून अहवाल कपाटात ठेवून देणेही चुकीचे. आपल्याकडे हा शेरा अधिक वेळा येतो याचे एक कारण असे की जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे, त्यामुळे भारतीयांत सापडलेला बदल तुलनेसाठी तिथे अनेकदा मिळतच नाही. इंडिजेन प्रकल्पाने 1,029 भारतीयांचे जनुकसंच उपलब्ध केले, ही मोलाची भर आहे. तरी अतिदुर्मीळ बदलाचा निवाडा करायला ती अपुरी पडते.

ही उणीव भरून काढणारे काम पीएच.डी.नंतर अशा दुर्मीळ मधुमेहांवर संशोधन करणारे तरुण शास्त्रज्ञ करतात, आणि रुग्णांच्या घरांपर्यंत ते पोहोचावे असे मला फार वाटते. अशाच एका संशोधिकेने कुटुंबाच्या लेखी संमतीने वडील, आत्या आणि मधुमेह नसलेले साठीचे काका यांचे रक्तनमुने तपासले. बदल पहिल्या दोघांत होता, काकांत नव्हता. एका घरातील एवढा पुरावा पुरेसा नसतो, म्हणून तिने बदललेले प्रथिन पेशींमध्ये तयार करून ते इतर जनुकांना कितपत कार्यान्वित करते हे मोजले. ती क्षमता बरीच घटलेली आढळली. सारे पुरावे एकत्र पाहून तपासणी प्रयोगशाळेने सुधारित अहवाल दिला: बहुधा रोगकारक.

याने उपचाराची दिशा बदलली. या प्रकारच्या मधुमेहात सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या अल्प मात्रेतही चांगल्या लागू पडतात; 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एक्सेटरच्या संशोधकांच्या चाचणीत ग्लिक्लाझाइड या त्याच गटातील गोळीने साधलेली साखरेतील घट मेटफॉर्मिन या मधुमेहावरील नेहमीच्या औषधाच्या सुमारे पाचपट होती. तिच्या डॉक्टरांनी साखर खूप उतरू नये म्हणून अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने इन्सुलिन थांबवले. अहवाल वाचून कोणीही हे घरच्या घरी करू नये, कारण सर्वांचे इन्सुलिन सुटतेच असे नाही.

स्थळांविषयी मी इतकेच सांगितले की मधुमेह आहे हे लपवू नये, आणि पुढे मुलांविषयी विचारणा झाली तर प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता 50 टक्के असते हेही स्पष्ट सांगावे. तिच्या धाकट्या भावाने अजून तपासणी करून घेतलेली नाही. तो सज्ञान आहे आणि निर्णय त्याचा आहे. तोपर्यंत दर वर्षी साखर तपासण्याचे त्याने मान्य केले आहे.